खरखर कुणाची?
(सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर केलेल्या भाषणाचा मजकूर)



दिवाळीची साफसफाई निघाली की आपल्या सोसायटीतून रेकॉर्डींचा एखादा तरी गठ्ठा भंगारवाल्याकडे जातो. कारण ठरलेलं, ‘खराब झाल्यात, नुसती खरखर येते.’ ती खरखर नेमकी कुणाची, एवढंच आज सांगतो.

माझ्याकडे बरीच वर्षं सेरॅमिक कार्ट्रिजचा साधा रेकॉर्ड प्लेअर होता. त्याची सुई रेकॉर्डवर पाच-सहा ग्रॅम भार टाकायची. सगळ्या रेकॉर्डी सारख्याच वाजायच्या, जरा दबलेल्या, जरा खरखरीत. निवृत्तीनंतर चांगला टर्नटेबल घेतला. मॅग्नेटिक कार्ट्रिज, लंबगोल टोकाची डायमंडची सुई, भार दोन ग्रॅमच्या आत. काही रेकॉर्डी अशा खुलल्या की तानपुऱ्याच्या तारा वेगवेगळ्या ऐकू याव्यात. काही मात्र पूर्वीपेक्षा वाईट वाजू लागल्या!

याचं कारण सोपं आहे. एलपीची खाच केसाइतकी बारीक. गोल टोकाची सुई तिच्यातली बारीक वळणं गाळून पुढे जाते. लंबगोल सुई त्यांत शिरते. मग चांगलं-वाईट दोन्ही बाहेर येतं. बँकेत ऑडिटर आला म्हणून खाती बिघडत नाहीत, बिघडलेली असतील ती दिसतात. तसंच हे.

आता दोष ओळखायचा कसा? मधूनमधून चट्‌चट् होतं आणि रेकॉर्ड धुतल्यावर जातं, ती धूळ. गाणं सुरू होण्याआधीच्या शांत जागेतही एकसारखी सरसर येते आणि धुऊनही जात नाही, तेव्हा बहुधा मालच हलका. तानपुऱ्याचा सूर दर फेऱ्याला, म्हणजे १.८ सेकंदांनी, लाटेसारखा हलतो? मधलं भोक बरोबर मध्यावर नाही. आणि वरच्या पट्टीत, जोरकस जागी आवाज फाटत असेल, तर झिजलेल्या सुईने खाचेच्या भिंती खाल्ल्यात. ते नुकसान कशानेच भरून येत नाही.

७८ च्या लाखेच्या रेकॉर्डींचा हिशेब वेगळा. त्यांची खाच एलपीच्या जवळजवळ तिप्पट रुंद. एलपीची सुई तिच्या तळाशी घासत जाते आणि चांगली रेकॉर्डही खरखरते. तिला जाड सुईच हवी.

म्हणून विनंती एवढीच, निकाल देण्याआधी दोन गोष्टी करा. पहिली, सुई बदला. डायमंडची सुईसुद्धा साधारण ५०० ते १००० तास चालते. आपल्यापैकी अनेकांकडे ती प्लेअर घेतल्यापासून तीच आहे. दुसरी, एलपी डिस्टिल्ड पाण्यात साबणाचा एखादा थेंब टाकून, मऊ फडक्याने, खाचेच्या दिशेने गोल पुसा. मग साध्या डिस्टिल्ड पाण्याने पुन्हा पुसून घ्या. लेबल भिजू देऊ नका. लाखेच्या रेकॉर्डला स्पिरिट तर कधीच नको, लाख विरघळते.

प्रत्येक जुनी रेकॉर्ड पुढे सीडीवर आलेली नाही. तुमच्या माळ्यावरचं एखादं गाणं दुसरीकडे मिळणारही नाही. त्यामुळे भंगारवाल्याला हाक मारण्यापूर्वी माझी बेल वाजवा. रविवारी सकाळी मी घरीच असतो, टर्नटेबल चालू असतो आणि चहाही मिळेल. रेकॉर्ड खरंच गेली असेल तर तसं स्पष्ट सांगेन. पण आधी ऐकू तरी.