पिछाडीचा राखणदार

पुण्याहून लोणावळ्याकडे जाणारी लोकल गाडी वडगांव सोडून कान्हे स्थानकावर क्षणभर थांबते, कामशेत मागें टाकते, आणि मळवली जवळ येतां येतां डाव्या हाताला लोहगड व विसापूर हे दोन जुने पहारेकरी दिसूं लागतात. बोरघाटाची वाट राखणें हें त्यांचें काम. इतिहासाच्या पुस्तकांत चढायांचीं वर्णनें पानोपानीं आढळतात. परंतु ज्या दिवशीं शत्रु गड पाहूनच माघारा वळला, त्या दिवसाची नोंद कोणता बखरकार करणार? रक्षणाचें काम असें विलक्षण आहे, कीं तें जितकें चोख व्हावें तितकें तें डोळ्यांत कमी भरावें.

मैदानावरहि हाच न्याय चालतो. मावळांतल्या खेड्यांतून कबड्डीचा खेळ घरोघर परिचित आहे. चढाई करून गडी टिपून येणाऱ्याचें नांव गांवभर होतें. कोपरा धरून उभा राहणारा व नेमक्या क्षणीं घोट्याला मिठी घालणारा गडी मात्र जाणत्यांनाच ठाऊक असतो. मुलें फुटबॉल खेळूं लागलीं म्हणजे तर ज्याला चेंडू नीट मारतां येत नाहीं, त्यालाच बहुधा पिछाडीला धाडतात. जणूं ती जागा म्हणजे शिक्षाच! ही समजूत किती चुकीची आहे, हें एका मुंबईकर खेळाडूच्या कारकीर्दीवरून चांगलें दिसून येईल.

फुटबॉलच्या आरंभकाळींहि पिछाडीला फारसा मान नव्हता. १८७२ सालच्या नोव्हेंबर महिन्याच्या ३० तारखेस ग्लासगोजवळील पार्टिक येथें स्कॉटलंड व इंग्लंड यांच्यामध्यें पहिला आंतरराष्ट्रीय सामना झाला. त्या वेळीं इंग्लंडनें आठ गडी आघाडीला उभे केले होते, तर स्कॉटलंडनें सहा. इतका आघाडीचा भार असूनहि सामना ०-० असाच सुटला! धांवत सुटण्यापेक्षां चेंडू एकमेकांस देत खेळणें व पाठ राखणें यांत अधिक शहाणपण आहे, हा धडा पुढें स्कॉटलंडच्याच खेळाडूंनीं जगाला दिला. त्या देशाच्या रॉयल स्कॉट्स फ्युझिलियर्स या पलटणीनें १८८८ सालीं सिमल्यास ड्युरँड चषकाची पहिली स्पर्धा जिंकली, आणि १८९१ सालीं मुंबईंत रोव्हर्स चषकाचे सामने सुरू झाले. गोऱ्या पलटणींचा हा खेळ अशा रीतीनें आपल्या दाराशीं आला.

राहुल भेके यांचा जन्म ६ डिसेंबर १९९० रोजीं मुंबईंत झाला. क्रिकेटच्या या राजधानींत फुटबॉल पतकरणें, आणि त्यांतहि पिछाडीची जागा पतकरणें, म्हणजे कीर्तीच्या राजमार्गावरून दोनदां बाजूला होणें होय. मुंबई एफ.सी., कलकत्त्याचा ईस्ट बेंगॉल, केरळ ब्लास्टर्स, बालेवाडीच्या मैदानावर खेळणारा पुणे सिटी, असा त्यांचा प्रवास झाला. २०१७ सालीं ते बंगळूरच्या संघांत दाखल झाले. या साऱ्या वर्षांत राष्ट्रीय संघाचें दार त्यांना उघडलें नव्हतें.

राखणदारानें करावयाचें असतें तरी काय? चेंडू आपल्या गोलापासून दूर फेंकून देणें एवढेंच नव्हे. प्रतिपक्षाचा वेगवान गडी अंगावर येत असतां त्याच्यावर झेप टाकण्याचा मोह आवरून त्याला हळूहळू कडेच्या रेषेकडे वळवीत न्यावयाचें असतें. कारण तेथून गोलाचा कोन अरुंद होतो. ऑफसाइडच्या नियमाप्रमाणें, चेंडू पुढें दिला जातो त्या क्षणीं घेणाऱ्याच्या व गोलरेषेच्या मध्यें बहुधा प्रतिपक्षाचे गोलरक्षक धरून दोन तरी गडी असावे लागतात. म्हणून पिछाडीच्या चौघांनीं एका दोरींत बांधल्याप्रमाणें पुढेंमागें सरकावयाचें. त्यांतला एक जरी पाऊलभर मागें रेंगाळला, तरी सारा बांध फुटला! आघाडीच्या गड्यानें नऊ संधि दवडून दहावी साधली तर त्याला खांद्यावर घेतात. राखणदारानें नऊ वेळां वांचवून दहाव्या वेळीं चूक केली तर तेवढीच लोकांच्या स्मरणांत राहते. हें ओझें मुकाट्यानें वाहणें हीच त्याची खरी कसोटी. भेके कधीं उजव्या बगलेला, तर कधीं मध्यभागीं, जेथें उणें असेल तेथें उभे राहिले.

१७ मार्च २०१८ रोजीं इंडियन सुपर लीगच्या अंतिम सामन्यांत बंगळूरचा संघ चेन्नईकडून २-३ असा हरला. त्यांतले दोन गोल कॉर्नरवरून आलेल्या चेंडूंवर डोक्यानें झाले होते. बरोबर एक वर्षानें, १७ मार्च २०१९ रोजीं, तोच संघ पुनः अंतिम सामन्यांत उतरला. या वेळीं गांठ गोव्याशीं होती आणि मैदान होतें मुंबईंतील अंधेरीचें. नव्वद मिनिटें संपलीं, जादा वेळहि संपत आला, तरी कोंडी फुटेना. सामना पेनल्टींवर जाणार असें वाटत असतां, ११७व्या मिनिटाला दिमास देल्गादो यांनीं मारलेल्या कॉर्नरवर भेके यांनीं उंच उडी घेऊन डोक्यानें चेंडू जाळ्यांत घातला. गेल्या वर्षीं ज्या वाटेनें अपयश आलें, त्याच वाटेनें यश आलें; आणि तें मिळवून देणारा होता त्याच शहरांत जन्मलेला पिछाडीचा गडी.

त्याच वर्षीं जूनमध्यें थायलंड येथील किंग्ज कप स्पर्धेंत त्यांना भारताकडून प्रथम खेळावयास मिळालें. वय अठ्ठावीस! पुष्कळ खेळाडूंचा भर ज्या वयांत ओसरूं लागतो, त्या वयांत यांचा आरंभ झाला. तीन महिन्यांनीं, १० सप्टेंबर रोजीं, आशियाचा विजेता असलेल्या कतारशीं दोहा येथें विश्वचषकाच्या पात्रतेचा सामना होता. सुनील छेत्री आजारी. नेतृत्व गोलरक्षक गुरप्रीत सिंग संधू यांच्याकडे. कतारनें वारंवार मारा केला, परंतु गुरप्रीत व त्यांच्यापुढील भेके, संदेश झिंगन, आदिल खान व मंदार राव देसाई यांची फळी अभेद्य राहिली. निकाल ०-०. पार्टिकच्या त्या पहिल्या सामन्याचाच हा निकाल. पण भारतानें तो विजयासारखा साजरा केला.

पुढें भेके मुंबई सिटी संघांत आले. ११ एप्रिल २०२२ रोजीं रियाध येथें इराकच्या हवाई दलाच्या संघाविरुद्ध प्रथम पिछाडीस पडूनहि मुंबईनें २-१ असा विजय मिळविला. निर्णायक गोल भेके यांच्या डोक्याचा होता. आशियाच्या चॅम्पियन्स लीगमध्यें भारतीय संघानें मिळविलेला हा पहिलाच विजय. ४ मे २०२४ रोजीं कलकत्त्यास मोहन बागानला ३-१ असें नमवून मुंबई सिटीनें लीगचा चषक जिंकला, तेव्हां संघाचे नायक भेके होते.

परंतु ही केवळ यशाची गाथा नव्हे. २०२४ च्या जानेवारींत कतारमध्यें आशियाई चषकाच्या स्पर्धेंत भारत ऑस्ट्रेलिया, उझबेकिस्तान व सीरिया या तिघांकडूनहि हरला आणि एकहि गोल करूं शकला नाहीं. ऑस्ट्रेलियाला मध्यंतरापर्यंत ०-० वर रोखलें होतें, हें आज किती जणांना आठवतें? त्या पराभवांनंतर तेहतीस वर्षांच्या राखणदारानें निवृत्त व्हावें, असें कोणी म्हटलें असतें तर तें वावगें ठरलें नसतें. भेके मात्र राहिले. १८ नोव्हेंबर २०२४ रोजीं हैदराबाद येथें मलेशियाविरुद्ध भारत एका गोलानें मागें पडला असतां त्यांनीं डोक्यानें बरोबरी साधून दिली. राष्ट्रासाठीं त्यांचा हा पहिला गोल. १९ मार्च २०२५ रोजीं शिलाँगच्या मैदानावर मालदीवविरुद्ध सर्वांचे डोळे निवृत्ति सोडून परतलेल्या छेत्री यांच्याकडे लागले होते. छेत्री यांनीं गोल केलाहि. पण पहिला गोल झाला तो कॉर्नरवर पुढें आलेल्या भेके यांचा. तो करून ते पुनः मागें, आपल्या जागीं जाऊन उभे राहिले.

कान्ह्याच्या किंवा दादरच्या एखाद्या पटांगणांत उद्यां संध्याकाळीं मुलें गडी वांटून घेतील. त्या वेळीं सर्वांत दुबळ्याला मागें उभें न करतां, ज्याचें मन सर्वांत स्थिर असेल त्याला ती जागा द्यावी. आणि त्या मुलानेंहि ती हिरमुसल्या तोंडानें घेऊं नये. घाट राखणाऱ्या गडाला घाट ओलांडावयाचा नसतो. त्यानें आपल्या जागीं असावें, एवढ्यावरच खालच्या गांवांची झोंप अवलंबून असते.