रक्तशुद्धीचा चौथा तास



वसंत व्याख्यानमालेत मूत्रपिंडाचा विषय घेतलेला पाहून आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. परंतु वऱ्हाडातील उन्हाळ्यात पाण्यावाचून दुसरे काय बोलावे? आणि माझा विषय अखेर पाण्याचाच आहे.

पूर्णेकाठचा खारपाणपट्टा आपणांस नवा नाही. दर्यापूर, अकोट, तेल्हारा या बाजूच्या कित्येक विहिरींचे पाणी तोंडात धरवत नाही. मूत्रपिंडाच्या विकाराबद्दल तेथील माणसे या पाण्यालाच बोल लावतात. मधुमेह, वाढलेला रक्तदाब आणि वेदनाशामक गोळ्यांचा अतिरेक ही कारणेही आहेतच. कारण कोणतेही असो, मूत्रपिंडे निकामी झाली की माणूस अमरावतीला किंवा अकोल्याला येतो आणि डायलिसिसच्या यंत्राला जोडला जातो.

हॉलंडमध्ये डॉ. विलेम कोल्फ यांनी 1943 साली असे यंत्र माणसासाठी वापरले. आज त्याचे रूप पालटले आहे. तत्त्व तेच आहे. पातळ पडद्याच्या एका बाजूने रक्त वाहते, दुसऱ्या बाजूने शुद्ध पाण्यात मिसळलेले क्षार वाहतात, आणि रक्तातील घाण पलीकडे जाते. एका बैठकीस सुमारे 120 लिटर पाणी लागते. आपण दिवसाकाठी दोन-तीन लिटर पाणी पितो, आणि तेही पोटातून गाळून घेतो. येथे पाणी थेट रक्ताच्या शेजारी येते. ब्राझीलमधील कारुआरू गावी 1996 साली अशाच एका केंद्रातील पाण्यात शेवाळाचे विष उतरले आणि पन्नासांवर रुग्ण दगावले. ज्या मुलखात पाणीच खारट, तेथे पाणी शुद्ध करणारे संयंत्र हे यंत्राइतकेच महत्त्वाचे मानले पाहिजे.

दुसरी गोष्ट वेळेची. निरोगी मूत्रपिंडे आठवड्याचे 168 तास राबतात. यंत्र राबते आठवड्यातून तीनदा, चार-चार तास. म्हणजे 12 तास. त्यातला प्रत्येक वेळी एक तास कापला, तर उपचाराचा चौथा हिस्सा गेला!

माझ्या परिचयाचे एक शेतकरी गृहस्थ आहेत. एका केंद्रात त्यांना तीन तासांतच मोकळे करीत. बाहेर पुढचा रुग्ण ताटकळत असे. गृहस्थ खूश, कारण गावाकडची एस.टी. सापडे. महिन्याभरात पाय सुजले, रात्री आडवे झाले की दम लागू लागला. मी म्हटले, "भाऊ, पूर्ण वेळ का मागत नाही?" ते म्हणाले, "ज्याच्या हाती सुई, त्याच्याशी भांडू कसा, गुरुजी?"

श्रोतेहो, या प्रश्नाला माझ्यापाशी चटकन उत्तर नव्हते. पुढे त्यांच्या मुलाने वही घातली: आधीचे वजन, नंतरचे वजन, सुरू केल्याची वेळ, थांबवल्याची वेळ. वही न बोलता डॉक्टरांपुढे ठेवली. वेळ पूर्ण मिळू लागला, एस.टी. मात्र चुकू लागली.

जनआरोग्य योजनेतून आणि 2016 साली जाहीर झालेल्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमातून गरिबाला हा उपचार विनामूल्य मिळू शकतो, ही मोठीच गोष्ट आहे. पण विनामूल्य म्हणजे उणे नव्हे. तेथील परिचारिकांना दोष देऊन भागणार नाही. खाटा थोड्या आणि रुग्ण फार, ही त्यांचीही अडचण आहे. म्हणून रुग्ण जे विचारू शकत नाही, ते गावाने विचारावे. पाण्याची तपासणी केव्हा झाली? काविळीच्या संसर्गाच्या रुग्णांना वेगळे यंत्र आहे काय? चार तास पुरे होतात काय? शेवटच्या पाळीच्या रुग्णाला गावी पोहोचवणारी गाडी आहे काय?

गाडगेबाबांची समाधी याच अमरावतीत आहे. बाबा गावात शिरले की आधी खराटा हाती घेत, कीर्तन मागाहून. माझे कीर्तन झाले. आता आपल्या गावच्या केंद्रात जाऊन पाण्याची नोंदवही पाहावयाची आहे. उद्या सकाळी कोण कोण येता?