एकच परजीवी, वेगवेगळी जनावरं

पत्रिकेवर 'गोचीडजन्य परजीवींची उत्क्रांती' असा विषय छापलेला असूनही सभागृह भरलं आहे. याचं श्रेय मी स्वतःकडे न घेता बाहेरच्या उकाड्याला आणि आतल्या पंख्यांना देतो. (हशा) गोचीड म्हणजे काय, हे सांगत बसत नाही. मीरा-भाईंदरला दूध पिशवीतून येत असलं, तरी सोसायटीच्या गेटवरच्या कुत्र्याच्या कानात डोकावलं की गोचिडाची ओळख होते. मला आज एकच गोष्ट पटवायची आहे. गोचीड तापाचा विचार करताना आपण परजीवीकडे फार पाहतो आणि गाईकडे फार कमी. मारायचं कुणाला, हेच आपण विचारतो. जनावर कोणतं आणून बांधलं, हे विचारायचं राहून जातं.

गोचीड तापाचा आपल्याकडचा मुख्य कर्ता थायलेरिया ॲन्युलाटा. गोचिडाच्या लाळेतून तो शिरतो आणि थेट पांढऱ्या पेशी गाठतो, म्हणजे ज्यांनी त्याला पकडायचं त्यांच्यातच जाऊन बसतो. खांद्यापुढची सुजलेली गाठ चाचपून पशुवैद्यक तिच्यात सुई घालतात. तो थेंब काचपट्टीवर पसरून गिम्सा रंग दिला, की पेशीच्या आत निळे-जांभळे ठिपक्यांचे पुंजके दिसतात. हा परजीवी पेशीला सारखं विभागायला लावतो आणि तिच्या विभाजनाच्या तंतूंना चिकटून स्वतःही दोन्हीकडे वाटला जातो. पुढे तो तांबड्या पेशींत उतरतो आणि तिथून पुन्हा गोचिडात जातो. आता माझ्या मुद्द्याचा पाया. गाईच्या अंगात हा प्राणी अविवाहित असतो, गुणसूत्रांचा एकच संच, त्यात चार गुणसूत्रं. त्याचं लग्न लागतं गोचिडाच्या पोटात. एका गाईत चार वाण नांदत असतील तर गोचीड चारही शोषून घेतो आणि तिथे जात-गोत न बघता सोयरीक होते. (हशा) म्हणून 'देशी गाईतला सौम्य वाण' आणि 'जर्सीतला जहाल वाण' अशी वाटणी कल्पनेत सोपी असली, तरी गोचीड ती टिकू देत नाही.

हा नुसता तर्क नाही. नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातल्या संशोधकांनी स्कॉटलंडमधल्या सहकाऱ्यांबरोबर महाराष्ट्राच्या चार कृषी-हवामान विभागांतून दिसायला निरोगी अशा जनावरांच्या रक्ताचे 1052 नमुने तपासले आणि 2017 साली निष्कर्ष छापले. गोचीडजन्य जंतू सर्रास सापडले, एकाच जनावरात दोन-तीन प्रकारचेही. पण लागण झालेल्या संकरित गाई अंगाने खालावलेल्या होत्या, देशी जनावरांत तसा संबंध दिसला नाही. त्याच गटाच्या 2019 च्या अभ्यासाने पुढचा प्रश्न विचारला: फरक परजीवीच्या जनुकांत आहे का? उत्तर आलं, नाही. लागण किती जड जाणार हे जनावराच्या प्रकारावर ठरतं, परजीवीच्या वाणावर नाही.

यावर चाणाक्ष माणूस म्हणेल, देशी वासरू लहानपणापासून गोचिडांत वाढतं, ही कमावलेली प्रतिकारशक्ती असेल. आक्षेप जुना आहे आणि त्यासाठी थोडं अमेरिकेत जावं लागेल. तिथे टेक्सासकडची धडधाकट गुरं उत्तरेला नेली, की उत्तरेतली गुरं रक्तलघवी करून मरत. गुराखी म्हणत, गोचिडांमुळे. विद्वान हसत. 1889 पासून थिओबाल्ड स्मिथ आणि किलबोर्न यांनी कुंपणं घालून प्रयोग मांडले. एका वाड्यात गोचिडांसकट दक्षिणेची गुरं. दुसऱ्यात हाताने गोचीड वेचून साफ केलेली. तिसऱ्यात दक्षिणेचं जनावर नाहीच, नुसते गवतात सोडलेले गोचीड. पहिल्या आणि तिसऱ्या वाड्यातली उत्तरेची गुरं आजारी पडली. गोचीड वेचायला बसलेल्या माणसांची कल्पना करा! आणि त्याहून नवल म्हणजे, अंड्यातून नुकत्याच निघालेल्या, कुणालाही न चावलेल्या पिल्लांनीही रोग दिला. कारण तो परजीवी, बबेशिया, आईकडून अंड्यात उतरतो. थायलेरिया तसा उतरत नाही. 1893 साली हे छापून आलं. सिकंदराबादला रोनाल्ड रॉसना डासात हिवतापाचा जंतू दिसला तो त्यानंतर चार वर्षांनी. स्मिथ यांचं नाव आपल्याकडे शाळेत का शिकवत नाहीत... चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटं म्हणतात. (हशा)

तर टेक्सासची गुरं वासरूपणीच लागण होऊन सावध झालेली होती, हे खरं. आपल्याकडेही तो भाग आहे. पण सगळं श्रेय त्याला देता येत नाही. स्कॉटलंडच्या रोझलिन संस्थेच्या संशोधकांनी देशी साहिवाल आणि विदेशी होल्स्टाइन वासरांना थायलेरियाची सारखीच मात्रा दिली. होल्स्टाइनना जीवघेण्या ठरलेल्या त्या मात्रेतून साहिवाल सावरली. इथे परजीवी दयाळू झालेला नाही. आपल्या उपखंडात हजारो वर्षं गाय चाळली गेली आहे. मागच्या रांगेतल्या टाळ्या जरा राखून ठेवा, मी गोमाहात्म्य सांगत नाही. देशी गाय हा परजीवी बिनतक्रार वागवते, म्हणजे शेजारच्या गोठ्याला तोच पुरवतेही.

औषध आहे की, असं कुणी म्हणेल. बुपारव्हाकोन उत्तम औषध आहे. पण ट्युनिशिया, इराण, तुर्कस्तानात त्याला न जुमानणारे वाण निघाले आहेत आणि सायटोक्रोम-बी जनुकातल्या बदलांशी त्यांचा संबंध दिसतो. फवाऱ्यांना गोचीड सरावतात, हे गोठेवाल्यांना मी सांगायला नको. लस आपल्याकडे आहे, ती द्यावीच. मात्र ती जिवंत पेशींची असल्यामुळे द्रव नायट्रोजनमधूनच न्यावी लागते. खरा आक्षेप दुधाचा. देशी गाईवर संसार चालत नाही, हे मला मान्य आहे. म्हणूनच संकर थांबवा असं मी म्हणत नाही, संकरात निवड करा म्हणतो. क्वीन्सलंडमध्ये 1960 च्या दशकापासून आपल्याच उपखंडातल्या साहिवालचा फ्रिजियनशी संकर करून दुधाबरोबर गोचीड-प्रतिकारही बघत पैदास केली गेली. आपल्याकडे कृत्रिम रेतनासाठी वळू निवडताना आईचं दूध आणि फॅट विचारतात. त्याच्या मुलींच्या अंगावर गोचीड किती, हे कोण विचारतं? एवढं काम कोण करणार, असं पुढच्या रांगेतून आत्ताच कुणी म्हणालं. ऑस्ट्रेलियात जनावराच्या एकाच बाजूचे फुगलेले गोचीड मोजतात आणि आकडा दुप्पट करतात. रेतनासाठी गोठ्यात माणूस येतोच. त्याच्या वहीत आणखी एक रकाना लागेल.