पाणी एकीकडे, हद्द दुसरीकडे

आज बोलायचं आहे ते ऑस्ट्रिया आणि इटलीच्या सीमेवरच्या ओत्झताल आल्प्सबद्दल. या डोंगरांच्या दोन्ही बाजूंना टिरोल हाच प्रदेश. पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ साली, सां जर्मांच्या तहाने त्याचे दोन तुकडे केले. कुठे तोडायचं, तर पाणी जिथे दोन दिशांना फुटतं तिथे. उत्तरेकडचं पाणी इन नदीतून डॅन्यूबला आणि शेवटी काळ्या समुद्राला जातं, दक्षिणेकडचं आदिजे नदीतून एड्रियाटिकला. आपल्या घाटमाथ्यावरचा पाऊस थोडा कोकणात उतरतो, थोडा कृष्णेला मिळतो, तसंच. तह करणाऱ्यांना ही रेघ फार सोयीची वाटते. मला तिचा संशय येतो.

कारण आपला घाटमाथा खडकाचा आहे. इथे कण्यावरच हिमनदी बसलेली. बर्फाखाली पाणी नेमकं कुठे फुटतं, हे दिसणार कसं? टीझेनयोख ही ३,२१० मीटर उंचीवरची खिंड. तिच्याजवळ सीमा जरा जास्तच उत्तरेला आखली गेली. सत्तरेक वर्षं त्यामुळे कुणाचं अडलं नाही.

१९ सप्टेंबर १९९१ रोजी एका जर्मन दांपत्याला तिथे बर्फात एक मृतदेह दिसला. तो ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकला नेला गेला. तोच पाच हजार वर्षांपूर्वीचा, बर्फात टिकून राहिलेला माणूस, ओत्झी! ऑक्टोबरमध्ये रीतसर मोजणी झाली, तेव्हा जागा निघाली इटलीच्या हद्दीत, ९२.५६ मीटर आत. गंमत अशी, की त्या जागेचं पाणी वाहतं ऑस्ट्रियाकडे. म्हणजे तहातलं तत्त्व पाळावं तर ओत्झी ऑस्ट्रियाचा, आखलेली रेघ पाळावी तर इटलीचा. रेघ जिंकली, १९९८पासून तो इटलीतल्या बोल्झानोच्या संग्रहालयात आहे.

मेंढपाळांनी मात्र ही रेघ कधी मनावर घेतली नाही. दक्षिणेकडे डोंगराआड पाऊस अडतो. फिन्श्गाऊ खोऱ्यात तर शेताला पाटाचंच पाणी. उन्हाळी चराई मिळते ती उत्तरेला, वेंट गावाच्या वरच्या कुरणांत. म्हणून दक्षिणेकडच्या श्नाल्स खोऱ्यातले लोक जूनमध्ये हजारो मेंढ्या घेऊन तीन हजार मीटरच्या खिंडी ओलांडतात, सप्टेंबरात परततात. या चराईचा लेखी करार १४१५चा आहे. वेंटची वस्तीसुद्धा मुळात दक्षिणेकडून आलेली. डोंगर माणसांना तोडतो हे भूगोलाच्या पुस्तकातलं वाक्य इथे चालत नाही.

आता बर्फच आटतंय, आणि त्याबरोबर पाणी दोन दिशांना फुटण्याची रेघही सरकतेय. २०१४ साली काही इटालियन अभिकल्पकांनी सिमिलाउन शिखराखालच्या ग्राफर्नर हिमनदीवर संवेदक बसवले. व्हेनिसच्या वास्तुकला प्रदर्शनात ठेवलेलं यंत्र या संवेदकांच्या नोंदींवरून, पाण्याच्या रेघेप्रमाणे, त्या घडीची सीमा कागदावर काढून देई, आणि प्रेक्षक तो नकाशा घरी नेत.