दोन्ही अंगांनी देखणा घोडा

गुढीपाडव्याच्या सकाळी डोंबिवलीत निघणारी नववर्ष स्वागतयात्रा आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल, आणि ज्यांनी पाहिली नसेल त्यांनी तिचे वृत्त तरी वाचले असेल. तेव्हा नऊवारी, फेटे, लेझीम आणि ढोलताशे यांच्या वर्णनात वेळ न दवडता, आज मी त्या यात्रेतील अशा मंडळींविषयी बोलणार आहे की ज्यांच्याकडे त्या सकाळी कोणाचेही लक्ष जात नाही, कारण रात्रभर जागल्यामुळे ती आपल्याच चित्ररथामागून डोळे चोळीत चाललेली असतात. बँकेत, शाळेत, कचेरीत नोकरी करणारी ही माणसे लोकलच्या गर्दीतून घरी यायची, जेवायची आणि इमारतीखालच्या मोकळ्या जागेत करवत-हातोडी घेऊन बसायची. या कामाचा मोबदला म्हणून त्यांना छदामही मिळत नसे.

पूर्वेतिहास थोडक्यात सांगतो. फडके रस्त्यावरील गणेश मंदिर सुमारे शंभर वर्षांचे. त्या मंदिराच्या संस्थानाने, आबासाहेब पटवारी यांच्या कल्पनेतून, 1999 च्या पाडव्याला पहिली स्वागतयात्रा काढली, आणि पुढे थोड्याच वर्षांत ठाण्यात कोपिनेश्वराच्या साक्षीने, गिरगावात आणि राज्यातील इतर अनेक शहरांत तिचे अनुकरण झाले. परवाने, बैठका, वर्गणीचा जमाखर्च आणि पोलिसांचा बंदोबस्त हा भाग आवश्यक खरा, परंतु ऐकावयास रुक्ष. तो मी गाळतो.

मला या विषयाचे वेड लागले ते एका घोड्यामुळे. वीसेक वर्षांपूर्वी, पाडव्याला दहा-बारा दिवस असताना, रात्री फिरून परतताना एका इमारतीच्या जिन्याखाली रंध्याचा आवाज आला म्हणून मी डोकावलो. माटुंग्याच्या रेल्वे कारखान्यातून निवृत्त झालेले एक वृद्ध सुतार खाली फतकल मारून बसले होते आणि त्यांच्या मांडीवर सागाच्या ठोकळ्यातून अर्धवट बाहेर आलेले घोड्याचे मस्तक होते. किल्ल्याच्या दरवाजातून दौडत निघालेला स्वार असा त्यांच्या चित्ररथाचा देखावा होता. भोवती पाचसात शिकाऊ हात: कोणी पॉलिश पेपर घाशीत होते, कोणी सरस उकळीत होते, आणि एक बँकेतले गृहस्थ पटाशीने आपले बोट सोडून उरलेले लाकूड कोरण्याच्या खटपटीत होते.

लाकडी घोडा अखंड ओंडक्यातून कोरतात अशी माझी समजूत होती. त्या रात्री मला कळले की तसे करू गेल्यास घोडा टेम्पोला जड होतो आणि शिवाय तडकतो. धड म्हणजे फळ्या सरसाने जोडून केलेली पोकळ पेटी. तिचे कोपरे मारून आणि तासून पोटाला गोलाई आणावयाची. पाय निराळे कोरावयाचे, कारण लाकडाच्या रेषा पायाच्या लांबीने गेल्या तरच तो टिकतो, आडव्या गेल्या तर पहिल्या धक्क्याला कटकन मोडतो. कानांचेही तेच: रेषा उभ्या धरून ते वेगळे घडवावयाचे आणि कुसू काढून मस्तकात बसवावयाचे. पुन्हा सांगतो, कारण मधेच रेडिओ लावलेल्यांना हे ऐकावयास मिळाले पाहिजे: धड पोकळ, मस्तक भरीव, पाय आणि कान वेगळे, आणि सारी भिस्त लाकडाच्या रेषेवर. ज्या कल्याणच्या खाडीकाठी सतराव्या शतकाच्या मध्यास शिवछत्रपतींनी आपल्या आरमारासाठी गलबते बांधावयास घेतली, तिथल्या सुतारांना हा नियम कोणी शिकविण्याची गरज पडली नसेल.

त्या घोड्यापायी मी पुढे जत्रेतल्या चक्रीपाळण्याच्या घोड्यांविषयी हाती लागेल ते वाचून काढले. पाश्चात्त्य देशांतील जुने लाकडी चक्रीपाळणे हे कोरीव कामाचे मोठे भांडार. मौज अशी की तिथल्या घोड्याची एकच बाजू नटलेली असते. इंग्लंडातला पाळणा घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतो, म्हणून घोड्याची डावी बाजू प्रेक्षकांकडे येते. अमेरिकेतला उलट फिरतो, म्हणून उजवी. आयाळ, फुले, झूल, रत्ने हा सारा साज त्या बाहेरच्या बाजूला, आणि खांबाकडची बाजू पुष्कळशी साधी, कारण ती फारशी कोणाला दिसत नाही. कारागिराच्या श्रमाचा हिशेब म्हणून हे योग्यच आहे.

हे ज्ञान मी मोठ्या उत्साहाने त्या सुतारकाकांना ऐकविले आणि एक बाजू साधी ठेवल्यास चार रात्री वाचतील असे सुचविले. ते खोगिराची किनार कोरीत होते. मान वर न करता म्हणाले, "अहो, फडके रोडला दोन्ही अंगांना माणसं उभी असतात. डावीकडच्यांनी काय घोडं मारलंय?"

श्रोतेहो, मिरवणुकीच्या कलेचे शास्त्र मला याहून नेमक्या शब्दांत कुठे सापडलेले नाही. मिरवणुकीला आतली बाजू नसते. गॅलरीतून पाहणारा, फुटपाथवरचा, दुकानाच्या पायरीवरचा, सर्वांचा हक्क सारखा. म्हणून घोडा दोन्ही अंगांनी देखणा हवा.

असे विनामोबदला हात अन्यत्रही एकत्र आले आहेत. अमेरिकेच्या मोंटाना राज्यातील मिझूला या गावी 1991 च्या सुमारास चक कपारिच या लाकूडकाम करणाऱ्या गृहस्थांनी नगरसभेपुढे प्रस्ताव मांडला की तुम्ही जागा द्या आणि तो कधी मोडणार नाही असे वचन द्या, मी गावासाठी चक्रीपाळणा बांधून देतो. चारएक वर्षे गावकऱ्यांनी कोरीव काम शिकून घेतले, लाखाहून अधिक तास श्रमदान केले, आणि 1995 मध्ये तो पाळणा फिरू लागला. आमच्या जिन्याखालच्या मंडळींनी मिझूलाचे नावही ऐकलेले नव्हते. तथापि त्यांची एकमेकांशी गाठ पडली असती, तर लाकडाच्या रेषेवरून रात्रभर वाद रंगला असता.

आता थोडे माझे मत. अलीकडे चित्ररथ म्हणजे टेम्पोच्या तीन बाजूंना ताणलेले छापील फ्लेक्स असा प्रकार वाढत चालला आहे. फ्लेक्स एका रात्रीत छापून येतो, त्यावरचा मजकूर दुरून वाचता येतो, आणि मंडळाकडे माणसे कमी असतील तर त्यांना तरी दोष कसा द्यावा? मधल्या काळात थर्माकोलची चलती होती. 2018 मध्ये पाडवा होऊन आठवडाही लोटला नव्हता तोच सरकारने प्लास्टिक आणि थर्माकोलच्या बंदीची अधिसूचना काढली. त्यामुळे बांबू, कापड आणि कागदाचा लगदा यांना पुन्हा मान मिळेल अशी मला आशा होती. काही ठिकाणी ती सफल झाली, पुष्कळ ठिकाणी थर्माकोलची जागा फ्लेक्सने घेतली. पुढे साथीमुळे दोन वर्षे यात्राच निघाली नाही, आणि हातांची सवय तेवढ्यानेही मोडते.

माझी तक्रार सौंदर्याची थोडी आणि शेजाऱ्यांची अधिक आहे. त्या जिन्याखाली दुसऱ्या मजल्यावरच्या आणि चौथ्या मजल्यावरच्या कुटुंबांचे पाण्यावरून वाकडे होते, हे मला मागाहून समजले. परंतु घोड्याचा मागचा पाय बसविताना एकाने धड धरावे आणि दुसऱ्याने कुसू ठोकावा लागतो, आणि त्या वेळी अबोला धरून चालत नाही.

निर्मात्यांनी काचेपलीकडून हात दाखविला आहे, म्हणजे माझी मुदत संपली. आपल्या गल्लीत येत्या पाडव्यासाठी चित्ररथ बांधला जात असेल, तर वर्गणी देऊन मोकळे होऊ नका. रात्री जेवण आटोपल्यावर खाली उतरा आणि एक पॉलिश पेपर मागून घ्या. नवख्याला पहिल्या दिवशी घोड्याचे पोट घासावयास देतात. ते घासताना लाकडाच्या रेषेचे मात्र भान ठेवा.