पहाऱ्यांतील नीति

गुन्हा घडल्यावर गुन्हेगार शोधणें हें राज्याचें जुनें काम. परंतु माणसाच्या जन्मावरूनच त्याच्या भावी गुन्ह्याचा अंदाज बांधण्याची युक्ति हिंदुस्थानांत १८७१ सालीं कायद्याचें रूप घेऊन आली. सरकारनें एखादी जमात 'गुन्हेगार' म्हणून जाहीर केली कीं त्या जाहीरनाम्याची योग्यायोग्यता तपासण्याची कोर्टालाहि मनाई असे. प्रथम उत्तरेकडे लागूं झालेला हा कायदा १९११ मध्यें मुंबई इलाख्यापर्यंत पोंचला आणि १९२४ मध्यें त्याची नव्यानें बांधणी झाली.

नोंदलेल्या माणसाच्या बोटांचे ठसे घेतले जात. त्यानें ठरल्या वेळीं हजेरी द्यावी, परवान्यावांचून हद्द ओलांडूं नये, असे निर्बंध त्याजवर घालतां येत. तो चोरीच्या बेतांत असल्याची केवळ परिस्थितीवरून कोर्टाची खात्री पटली, तरी तीन वर्षांपर्यंत कैद होऊं शके. सोलापुरास तर तारेच्या कुंपणाची वसाहतच होती. तेथील माणसें गिरणींत राबत आणि पुन्हा कुंपणाआड परतत.

या व्यवस्थेचे सारेच चालक दुष्ट होते असें म्हणणें अन्यायाचें होईल. वसाहतींत शाळा होत्या, कामधंदा होता. माणूस सुधारावा अशी कित्येक अधिकाऱ्यांची खरोखरीच इच्छा होती. परंतु तो सुधारला हें ओळखावें कसें? चोरी झाली नाहीं, तर पहारा यशस्वी. झाली, तर पहारा अपुरा. दोन्ही वेळीं निष्कर्ष एकच, कीं पहारा हवा! या हिशेबांत माणसाचा चांगुलपणा जमा करण्यास रकानाच नव्हता.

श्रोत्यांनीं क्षणभर अशी कल्पना करावी कीं शेजारच्या गांवीं बहीण मरणोन्मुख आहे, आणि निरोप रात्रीं आला आहे. परवान्याची वाट पाहत बसणारा भाऊ कायद्यानें सज्जन; अंधारांतच निघणारा अपराधी. ज्या कृत्याला गांवांत माणुसकी म्हणतात, तेंच येथें कैदेला पात्र. अशा माणसानें मुलाला कोणती नीति शिकवावी?

पाहणारा तरी कोठें निर्मळ राहणार? ज्याच्या हातीं हजेरीचें पुस्तक, त्याच्या हातीं गैरहजेरीची खूणहि. त्यानें उद्यां फुकट लांकूडफाटा मागितला तर नाहीं म्हणण्याची छाती कोणाची? शिवाय चोरीचा तपास प्रत्येक वेळीं त्याच पालांपाशीं येऊन थांबूं लागला, म्हणजे वाड्यांत राहणारा खरा चोर निर्धास्त झोपतो. (तपास करणाऱ्यांची पायपीट वांचते, हा लाभ निराळा.)

मुंबई इलाख्यानें १९४९ मध्यें आणि देशानें ३१ ऑगस्ट १९५२ रोजीं हा कायदा रद्द केला. त्या जमाती 'विमुक्त' झाल्या. तो दिवस त्या आजहि पाळतात. मात्र त्याच मुंबई राज्यांत १९५९ सालीं सराईत गुन्हेगारांचा कायदा आला. त्यांत जमातीचें नांव नव्हतें, नोंदवही होती. संशयानें जुना पत्ता सोडला नाहीं.

लक्ष्मण गायकवाड यांनीं १९८७ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मकथनाला 'उचल्या' हेंच नांव दिलें. जमातीच्या कपाळीं मारलेला शिक्का त्यांनीं आपण होऊन मुखपृष्ठावर छापला.