दहा सेकंदांचा उजेड

बचत, कर्ज, हप्ते यांवर आपण नेहमीच बोलतो. आज दिव्याबद्दल बोलू या.

दिव्याचं बटण दाराजवळ आणि अंथरूण खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला, असं कितीतरी घरांत असतं. बटण बंद केलं की एकदम काळोख. डोळे अंधाराला सरावायला वेळ लागतो. तेवढ्यात सासूबाईंचा पाय उंबऱ्याला अडखळतो, नाहीतर झोपलेल्या लेकराला लागतो. दिवा पटकन न विझता हळूहळू मंद होत गेला तर? असा छोटा दिवा घरी करता येतो. आमच्या गटातल्या कंदील करणाऱ्या बायकांनी तो एका बैठकीत जमवला.

सामान लिहून घ्या. 9 व्होल्टची चौकोनी बॅटरी, एक छोटा स्विच, एक एलईडी, 1 किलोओहमचा रेझिस्टर आणि 4700 मायक्रोफॅरड, 16 व्होल्टचा कपॅसिटर. रेझिस्टरवर तपकिरी, काळा, लाल असे पहिले तीन पट्टे असतात.

कपॅसिटर म्हणजे विजेचं पिंप समजा. नळ चालू असताना पिंप भरतं. नळ गेला तरी तोटीतून पाणी येत राहतं, पण पातळी उतरते तशी धार बारीक होते. इथे बॅटरी हा नळ आणि रेझिस्टर ही तोटी. स्विच बंद केला की बॅटरी तुटते, पण कपॅसिटरमधली वीज एलईडीला मिळत राहते आणि उजेड मंदावत जातो. पिंप मोठं घेतलं तर उजेड जास्त वेळ टिकतो. 1000 मायक्रोफॅरडला दोन-तीन सेकंद, 4700 ला दहा सेकंदांच्या आसपास. अंथरुणापर्यंत जायला तेवढे पुरतात.

आता जोडणी. बॅटरीच्या अधिक टोकाची तार स्विचला. स्विचच्या दुसऱ्या टोकाला दोन गोष्टी जोडा: कपॅसिटरचा अधिक पाय आणि रेझिस्टर. रेझिस्टरच्या पुढच्या टोकाला एलईडीचा लांब पाय. एलईडीचा आखूड पाय आणि कपॅसिटरचा उणे पाय, दोन्ही बॅटरीच्या उणे टोकाला. कपॅसिटरच्या अंगावर पट्टा असतो, त्या बाजूचा पाय उणे. हे उलटं झालं तर कपॅसिटर तापून फुटू शकतो, म्हणून स्विच दाबण्याआधी दोघींनी तपासा.

टॉर्चचा जुना काचेचा बल्ब मात्र इथे चालणार नाही. तो इतकी वीज ओढतो की पिंप डोळ्याचं पातं लवायच्या आत रिकामं होतं. एलईडी थोडक्यात भागवतो, म्हणून हे जमतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हा दिवा बॅटरीवरचाच. घरातल्या 230 व्होल्टच्या लाइनला यातलं काहीही जोडायचं नाही. छताच्या पंख्यात ज्याला आपण कंडेन्सर म्हणतो, तोही कपॅसिटरच. शेतातल्या सिंगल फेज मोटारीच्या पेटीतही तो असतो. लाइट गेली, मेन स्विच पाडला, तरी त्याच्यात वीज साठून राहिलेली असू शकते आणि ती जोरात झटका देते. एलईडी दहा सेकंद का जळत राहिला हे ज्या मुलीने पाहिलं, तिला 'लाइट नाही, घाल हात' असं कुणी म्हटलं तर ती हात घालणार नाही. मला वाटतं, दिव्यापेक्षाही हे समजणं मोठं आहे.

म्हणून पुढच्या बैठकीला मुलींनाही घेऊन या. सामान गटातर्फे एकदाच आणा आणि जोडणी त्यांच्या हातून करून घ्या. मग खोलीतला दिवा मालवा, आपला छोटा दिवा लावून बंद करा आणि सगळ्यांनी मिळून सेकंद मोजा. किती भरले ते आम्हाला जरूर कळवा.